भूत काढणाऱ्याला विचारायचं कोणी?



‘हिला बाहेरचं काहीतरी आहे’ हे वाक्य पेठेतल्या वाड्यात कानावर येतं तसं उपनगरातल्या लिफ्टच्या इमारतीतही येतं. मग कुणी देवऋषी गाठतो, कुणी दर्ग्यावर गुरुवार धरतो, आणि कुणी शेजारणीच्या सांगण्यावरून येशूच्या प्रार्थनासभेला जातो. आज या तिसऱ्या वाटेविषयी बोलायचं आहे. भूत असतं की नसतं, हा वाद मी इथं घालणार नाही. तो एका संध्याकाळी मिटत नाही, आणि मिटला तरी घरात बांधून ठेवलेल्या पोरीला त्याचा काय उपयोग?

मार्ककृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय बघा. थडग्यांत राहणारा, साखळदंड तोडणारा, दगडांनी स्वतःला ठेचून घेणारा एक माणूस. बांधण्याचा उपाय गावाचा, आणि तो फसलेला. येशू त्याला बांधत नाही, मारत नाही, नाव विचारतो. नंतर लोक येऊन बघतात तो माणूस अंगावर कपडे घालून शुद्धीवर बसलेला. तो म्हणतो, तुमच्याबरोबर येतो. येशू सांगतो, आपल्या घरी जा, आपल्या माणसांना सांग. ‘सुटके’च्या, म्हणजे भूत काढण्याच्या, सभांमध्ये साक्ष देतात, तिला इथला आधार देता येईल, हे मी मान्य करतो. पण साक्ष घरच्यांपुढे द्यायची होती, मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे नव्हे.

रोमन कॅथलिक चर्चनं भूत काढण्याच्या कामाला 1614 साली लेखी विधी दिला. त्यातली पहिलीच ताकीद अशी, की अमक्याला भूत लागलंय यावर चटकन विश्वास ठेवू नका; आजाराची लक्षणं वेगळी ओळखा. आजच्या नियमानुसार हा विधी करायला धर्मप्रांताच्या बिशपची स्पष्ट परवानगी लागते, ती फक्त धर्मगुरूलाच मिळते, आणि 1999 मध्ये आलेल्या सुधारित विधीत वैद्यकीय तज्ज्ञांचा सल्ला आला, तमाशा होऊ देण्यास मनाई आली. म्हणजे संशय घ्यायला चर्चनं स्वतःच शिकवलं आहे. आपल्याकडे हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. भूत काढण्याचा सिनेमा मात्र सगळ्यांनी पाहिलेला असतो.

तरी परवानगीनं सगळं भागत नाही. जर्मनीतल्या आनेलिझ मिशेलचं प्रकरण घ्या. अपस्माराचे उपचार चाललेली ही विद्यार्थिनी. बिशपची रीतसर परवानगी होती. सुमारे दहा महिन्यांत 67 वेळा विधी झाले. 1 जुलै 1976 रोजी ती उपासमारीनं गेली, वय 23, वजन तीसेक किलो. 1978 मध्ये आईवडील आणि दोन धर्मगुरू दोषी ठरले. कागद चोख होता; अन्न आणि औषध मात्र सुटलं होतं, आणि ते कुणी पुन्हा सुरू केलं नाही.

आता जवळ येऊ. पुण्याहून दौंडच्या वाटेवर केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जूनमध्ये जी जागृती झाली, तिच्यात मुली रडत, थरथरत, अंगाची आग होते म्हणत. बाहेरच्यांना तो उन्माद वाटला. मिशन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंनी तो दडपला नाही, असल्या प्रकटीकरणाची बाजूच घेतली. मला त्यांचं म्हणणं सगळं पटत नाही. पण दुष्काळातून आणलेल्या त्या मुलींना तिथं जेवण होतं, शाळा होती, छापखान्यात आणि शेतात काम होतं. प्रार्थना संपल्यावर त्यांची जबाबदारी घेणारं कुणीतरी होतं.

भाड्याच्या हॉलमधल्या सभेत नेमकं हेच नसतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कीबोर्ड, पुढे ओळीनं ठेवलेल्या तेलाच्या आणि पाण्याच्या बाटल्या, डोक्यावर हात, आणि ‘येशूच्या नावात नीघ!’ अशी आरोळी. बाई कोसळते, टाळ्या पडतात. सोमवारी सकाळी ती काय खाते, झोपते का, हे विचारायला कुणी जात नाही. सगळेच पास्टर असे नाहीत. कित्येक जण स्वतः रुग्णाला डॉक्टरकडे घेऊन जातात. पण जो जात नाही, त्याला जाब विचारणारा बिशप त्याच्या डोक्यावर नसतो.

तिथं राज्याचा कायदा उपयोगी पडतो. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यातच, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि वर्षानुवर्षं अडलेला जादूटोणाविरोधी कायदा आधी अध्यादेश म्हणून आला, मग डिसेंबरात विधिमंडळात संमत झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, काठीनं मारणं, मिरचीची धुरी देणं यांना सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. हा कायदा प्रार्थनेच्या विरुद्ध आहे, अशी ओरड अजून ऐकू येते. ती खोटी आहे. मंदिर, दर्गा, गुरुद्वारा, चर्च इथल्या ज्या प्रार्थनेनं शारीरिक इजा वा आर्थिक नुकसान होत नाही, ती त्यानं वगळली आहे.

इथं बसलेल्या पाळकांना, आणि घरात असा रुग्ण असलेल्यांनाही, एवढीच विनंती: डोक्यावर हात ठेवायच्या आधी विचारा, डॉक्टर कोण आहेत आणि आजची गोळी घेतली का. नसेल घेतली, तर आधी ती द्या.