रीडिंग जुळवू नका

मगाशी ‘वन्स मोअर’ने मांडव डोक्यावर घेणाऱ्या विद्यार्थ्यांनो,

बक्षिसं वाटून झाली, नाच अजून व्हायचेत आणि मध्ये मी उभा आहे. तेव्हा आटोपशीर बोलतो.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना तुमच्या रोजच्या बघण्यातल्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या तीस अँटेना पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. एकेकीचा व्यास 45 मीटर! जवळ जाऊन पाहा, तबकडीला भरीव पत्रा नाही. बारीक तारांची जाळी आहे. येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या लांब, की ही छिद्रं त्यांना जाणवतच नाहीत. त्या जाळीवरून परावर्तित होतात. वाऱ्याला मात्र वाट मिळते. वजन घटतं, खर्चही घटतो.

या अँटेना इतर गोष्टींबरोबर पल्सारही टिपतात. पल्सार म्हणजे गरगर फिरणारे मृत तारे. त्यांचे स्पंद इतके नेमाने येतात, की आपल्या एसटीने लाजावं. पहिला पल्सार सापडला 1967 साली, केंब्रिजला. जोसलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी रोज सुमारे तीस मीटर कागदी आलेख डोळ्यांखालून घालत होती. त्यात जेमतेम पाव इंचाची एक वेडीवाकडी खूण दिसली. माणसाच्याच एखाद्या यंत्राचा गोंगाट असेल, असं तिच्या मार्गदर्शकांना आधी वाटलं. तिने ती खूण सोडली नाही. ती खूण रोज चार मिनिटं आधी, म्हणजे ताऱ्यांच्या वेळापत्रकाने येत होती. पुढे कळलं, दर 1.34 सेकंदाला एक स्पंद!

आज हेच स्पंद शास्त्रज्ञांचं घड्याळ झाले आहेत. ते येण्याच्या वेळेत किंचित फरक पडतो का, हे वर्षानुवर्षं मोजत राहायचं. जून 2023 मध्ये जगभरातल्या गटांनी या मोजणीतून अतिसंथ गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर केले. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांमधून त्या उठत असाव्यात. युरोपच्या गटाबरोबर भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञ होते आणि त्यात खोडदची निरीक्षणं होती.

आता मुद्द्यावर येतो. प्रॅक्टिकलला तुम्ही काय करता, ते मला ठाऊक आहे. मीही त्याच बाकांवरून आलोय. उत्तर आधी बघायचं, मग रीडिंग जुळवायचं! तेवढं करू नका. बेलने ती खूण सोडली नाही, तसं तुम्हीही न जुळणारं रीडिंग खोडू नका. पुन्हा मोजा, पुन्हा तसंच आलं तर जर्नलमध्ये तसंच लिहा आणि कारण शोधा. प्रत्येक वेळी पल्सार सापडणार नाही. बहुतेकदा वायरच सैल निघेल. पण ती सैल आहे हे शोधणारालाच पुढे पल्सारही दिसतो.

आणि शिक्षकांना एक विनंती: असं प्रामाणिक, न जुळणारं रीडिंग समोर आलं, तर लाल पेन उचलण्याआधी त्या मुलाला ‘असं का आलं असेल?’ एवढं जरूर विचारा.