परतीचा पाऊस, भाताची कापणी आणि गोठ्यातील वैरण

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आश्विन महिना लागला की नव्या भाताच्या पोह्यांची विचारणा सुरू होते. गोमंतकात नरकचतुर्दशीला घरोघरी पोहे होतात आणि ते नव्या भाताचे असावेत अशी इच्छा असते. त्यासाठी भात दिवाळीपूर्वी कापून, झोडून, वाळवून घरात यावे लागते. पेडणे, बार्देश आणि डिचोली या तालुक्यांतील शेतकऱ्याचे पंचांग पिढ्यान्‌पिढ्या याच हिशेबावर चालत आले आहे. परतीच्या पावसाने हा हिशेब अधूनमधून मोडतो, आणि तो मोडला म्हणजे केवळ पोहेच नव्हे, तर पुढील सात महिन्यांची गुरांची वैरणही संकटात येते. या दुसऱ्या गोष्टीकडे जितके लक्ष जावयास हवे तितके जात नाही.

2019 सालचे उदाहरण अनेकांच्या स्मरणात असेल. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 27 ऑक्टोबरला होते आणि नेमक्या त्याच दिवसांत अरबी समुद्रात 'क्यार' नावाचे महाचक्रीवादळ उभे राहिले. 2007 च्या 'गोनू'नंतर इतक्या तीव्रतेचे वादळ या समुद्रात झाले नव्हते. ते गोव्याच्या भूमीवर आले नाही, पश्चिमेकडे दूर निघून गेले. परंतु जाता जाता त्याने किनाऱ्यावर जो पाऊस टाकला, त्याने कापणीला आलेले भात आडवे झाले. (नाफ्था भरलेले एक जहाज दोनापावला येथे खडकाला लागले, ते याच दिवसांत. वृत्तपत्रांत जहाजाची चर्चा अधिक झाली.) त्यापाठोपाठ 'महा' वादळ आले, आणि आडव्या झालेल्या भाताला सुकण्यासाठी जे चार दिवस हवे होते तेही मिळाले नाहीत.

मोसमी पावसाच्या परतीचा काळही पुढे सरकला आहे. भारतीय हवामान खात्याने 2020 साली आपल्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या, तेव्हा वायव्य राजस्थानातून पाऊस परतू लागण्याचा दिवस 1 सप्टेंबरऐवजी 17 सप्टेंबर धरण्यात आला. गोव्यातून तो ऑक्टोबरमध्ये माघार घेतो. त्यापुढचे दिवस मेघगर्जनेच्या पावसाचे असतात. सकाळी लख्ख ऊन, दुपारनंतर पूर्वेकडून ढग आणि सायंकाळी जोराची सर, असा त्याचा नेहमीचा क्रम असतो.

आता जूनच्या 10 तारखेस रोप टाकले असे धरू. 115 दिवसांत येणारी 'ज्योती'सारखी जात 3 ऑक्टोबरच्या सुमारास तयार होते. 135 दिवस घेणारी 'जया' 23 ऑक्टोबरला. पहिली जात परतणाऱ्या मोसमी पावसात सापडण्याची भीती, तर दुसरी वादळी पावसात. यास्तव हळवी जात पेरा म्हणजे संकट टळेल, असा सरसकट सल्ला देणे योग्य नव्हे. निचऱ्याच्या मोरड जमिनीत हळवी जात आणि सखल खेर जमिनीत निमगरवी, अशी विभागणी करणारा शेतकरी एकाच पावसात सर्व गमावत नाही. खाजनात तर कोरगुटासारखी खारे पाणी सोसणारी उंच जात आपल्या पूर्वजांनी विचारपूर्वकच निवडली होती. नत्र खताची शेवटची मात्रा उशिरा व भरमसाट दिली की ताटे कोवळी, उंच वाढतात आणि पहिल्याच सरीला लोळतात. पुष्कळ ठिकाणी पावसाला दिलेला दोष वस्तुतः युरियाचा असतो.

कापणीपूर्वी आठ-दहा दिवस शेतातील पाणी काढून टाकावे, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु कामुर्ली, कोलवाळ, शिवोलीकडील खाजनांत पाणी काढणे एकट्या शेतकऱ्याच्या हाती नसते. तेथे ते मानसच्या दारांवर आणि समुद्राच्या भरती-ओहोटीवर अवलंबून असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती नेहमीपेक्षा चढते, तशी ओहोटीही अधिक खोल जाते. मानसची फळी व्यवस्थित असेल तर तीच पाणी बाहेर घालविण्याची उत्तम संधी होय. फळी कुजलेली असेल तर तेच खारे पाणी आत येते. दिवाळी अमावास्येला असते हे लक्षात घेता, बांध व मानसची पाहणी कूळ संघांनी भाद्रपदातच उरकून घ्यावी. पाणी किती साचते याचा अंदाज शाळेतील विद्यार्थ्यांकडूनही करून घेता येईल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका दिवसात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर 1000 चौरस मीटरच्या तुकड्यावर 50,000 लिटर पाणी पडते. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर मांडले, तर निचऱ्याचा पाट का मोकळा असावा हे मुले घरी जाऊन सांगतील.

लोंबीतील शंभरांपैकी 80 ते 85 दाणे पिवळे झाले की भात कापणीस आले असे समजावे. सर्व दाणे पिवळे होण्याची वाट पाहण्यात, विशेषतः आकाश भरून आलेले असताना, लाभ नाही. सकाळी दव उतरल्यावर कापणी सुरू करून दुपारच्या ढगांपूर्वी मळणी आटोपावी. पूर्वी कापलेले भात दोन दिवस शेतातच सुकत टाकीत. परतीच्या पावसात ती रीत महागात पडते. आडवे पडलेले भात पाण्यात राहिले तर, जातीच्या सुप्तावस्थेनुसार, तीन-चार दिवसांतही लोंबीला मोड येऊ शकतात. तत्काळ कापणी शक्य नसल्यास 5 टक्के मिठाचे द्रावण, म्हणजे एका लिटर पाण्यात 50 ग्रॅम मीठ, लोंब्यांवर फवारल्यास मोड येणे लांबते.

कापणीच्या वेळी भातात 20 ते 24 टक्के ओलावा असतो. साठवणीसाठी तो 14 टक्क्यांवर आणि बियाण्यासाठी 12 टक्क्यांवर आणावा लागतो. ओल्या भाताची रास रात्रभर ताडपत्रीखाली झाकून ठेवली तर दाण्यांच्या श्वसनाने ती आतून तापते, दाणा पिवळा पडतो व कुबट वास धरतो. ऊन नसले तरी ओसरीवर पातळ थर पसरून दर तासाने हलवावे. वारा हे अर्धे ऊन आहे. ओलाव्याची परीक्षा करण्यास यंत्रच हवे असे नाही. कोरडे मीठ आणि मूठभर भात काचेच्या बाटलीत घालून हलवावे; थोड्या वेळाने मीठ बाटलीच्या कडांना चिकटले तर भात अजून ओले आहे. आणखी एक मार्ग गोमंतकातील घरांना परंपरेनेच उपलब्ध आहे. ओले भात सुरय तांदळासाठी ठेवून खराब करण्यापेक्षा ताबडतोब उकडावे. उकडण्याच्या उष्णतेने मोड व बुरशी दोन्ही थांबतात, आणि उकड्या तांदळाला येथे गिऱ्हाइकाची वाण नाही. मात्र उकडल्यानंतरही वाळवणी चुकत नाही, आणि बुरशी आधीच धरलेले भात उकडून खाण्याजोगे होत नाही.

येथवर दाण्याचा विचार झाला. परंतु जितका दाणा, साधारण तितकाच पेंढा. हेक्टरी चार टन भात आले तर चार ते पाच टन पेंढा मिळतो. एका गाईला दिवसाला पाच किलो पेंढा धरला तर एक टन पेंढा 200 दिवस पुरतो, म्हणजे कार्तिकापासून जवळजवळ पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. हा टनभर पेंढा चिखलात कुजला तर त्या गाईची उन्हाळ्यातील वैरण विकत घ्यावी लागते, नाहीतर गाय विकावी लागते. कापणी यंत्राने हा प्रश्न अधिक बिकट केला आहे. यंत्र मजुरांची टंचाई भागविते खरे, पण ओल्या जमिनीत ते पेंढा तुडवून विखुरते आणि तो गोळा करणे परवडत नाही म्हणून तेथेच सोडला जातो. गुरे असलेल्या घराने निदान आपल्या गोठ्यापुरता एखादा तुकडा हाताने कापावा, हे मजुरी वाढली असतानाही हिशेबात बसते.

ओला पेंढा उडवीत रचू नये. बाहेरून गंजी सुकलेली दिसते, पण आतून ती तापते व काळी पडते. भिजलेल्या पण न कुजलेल्या पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करता येते. 100 किलो कोरड्या पेंढ्यास 4 किलो युरिया 40 ते 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा व तीन आठवडे हवाबंद झाकावा. पेंढा आधीच ओला असेल तर पाणी त्या मानाने कमी घ्यावे. तयार होणारा अमोनिया बुरशीला आळा घालतो आणि पेंढा मऊ व अधिक पचनीय होतो. उघडल्यानंतर वास उडेपर्यंत तो पसरून ठेवावा. सहा महिन्यांखालील वासरांना तो देऊ नये, आणि युरियाचे पाणी गुरांच्या तोंडी जाणार नाही याची कडेकोट दक्षता घ्यावी. त्याने जनावर दगावते. काळी वा पांढरी बुरशी धरलेला पेंढा मात्र कोणत्याही प्रक्रियेने सुधारत नाही. तो खतात टाकावा.

डोंगरउतारावरील आणि सड्यावरील गवताची गोष्ट थोडी निराळी आहे. लांबलेल्या पावसाने ते अधिक काळ हिरवे राहते आणि चराई पंधरा दिवस वाढते, हा लाभच होय. परंतु फुलोऱ्यात कापावयाचे गवत पावसामुळे उभेच राहिले तर ते जून होते, त्यातील प्रथिने घटतात, आणि कुसळीसारख्या गवताची टोके गुरांच्या तोंडात रुततात. वाळवणे शक्य नसेल तेथे हिरवे गवत बारीक तोडून, किंचित सुकवून, थोडा गूळ घालून प्लास्टिकच्या पिशवीत दाबून भरल्यास दीड महिन्यात मुरघास होतो. जमिनीतील खड्ड्यात पाणी झिरपत असल्याने या भागात पिशवीच बरी. मोपाच्या पठारावर विमानतळ झाल्यापासून पेडण्यातील चराईचे क्षेत्र आधीच आक्रसले आहे. उरलेल्या सड्यावरील गवत वाया घालविणे या तालुक्याला परवडणारे नाही.

दलदलीच्या कडेने गुरे चरली की गोगलगाईंमार्फत यकृतकृमींचा उपद्रव होतो; पाऊस सरताच पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध पाजावे. माणसांनीही साचलेल्या पाण्यात कापणी करताना पायांच्या जखमा झाकाव्यात. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. कापणीनंतर ताप व अंगदुखी आल्यास घरगुती काढ्यावर न विसंबता आरोग्य केंद्रात जावे.

नुकसान झालेच तर पंचनाम्यापूर्वी शेत साफ करू नये. छायाचित्रे काढून विभागीय कृषी कार्यालयास लगेच कळवावे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत, कापून शेतात पसरलेल्या पिकाचे चक्रीवादळी वा अवकाळी पावसाने झालेले नुकसान कापणीपासून 14 दिवसांपर्यंत ग्राह्य धरण्याची तरतूद आहे. त्याची सूचना 72 तासांत द्यावी लागते. राज्य शासनाच्या शेतकरी आधार निधीचाही लाभ घेता येतो. भरपाई क्षेत्रावर मोजली जाते, गोठ्यावर नव्हे. तरीही पाहणीस आलेल्या अधिकाऱ्यास शेतकऱ्याने भिजलेली गंजी अवश्य दाखवावी, आणि अधिकाऱ्याने घरातील गुरांची संख्या विचारून ती टिपून घ्यावी.