कसरत नको, सवड हवी

(हरिहरेश्वर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



संस्थेत पूर्णवेळ काम करत मी एम.एस.डब्ल्यू. झाले. त्याचं कौतुक करताना सगळे म्हणतात, 'तारेवरची कसरत केलीस हो!' कसरतीला टाळ्या मिळतात. तार इतकी उंच कोणी बांधली, हे मात्र कोणी विचारत नाही. ते आज आपण विचारू या.

हरिहरेश्वरहून अभ्यासकेंद्र गाठायचं म्हणजे पहाटेची एस.टी., माणगावला गाडी बदलायची आणि रात्री उशिरा घरी. हे सगळं रविवारी, कारण सोमवारी कामावर हजर व्हायचं. परीक्षेसाठी रजा मागितली, तेव्हा संस्थेने सांगितलं, 'अभ्यास ही तुमची खाजगी बाब आहे. रजा बिनपगारी.'

खाजगी? 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आपल्या भागातल्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले. घरपट्टी सासऱ्यांच्या नावावर, म्हणून भरपाईही त्यांच्याच खात्यात. वेगळी चूल मांडून राहणारी सून तशीच राहिली. अशा बायकांसाठी अर्ज लिहिताना जी.आर. कसा वाचायचा, अपील कुठे करायचं, हे मला त्या अभ्यासाने शिकवलं. फायदा गावाचा आणि संस्थेचाही. खर्च मात्र एकट्या बाईचा!

घरातली गोष्टही तीच. 2019 च्या सरकारी वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात, पुरुषाची 97. नोकरी आणि पुस्तक यांत तोल साधणं तसं अवघड नाही. अवघड आहे ती ही तिसरी पाळी, जी कुणी मोजतच नाही. मग बाई वेळ काढते तो झोपेतून.

1855 साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणाऱ्यांना 'वेळेचं नियोजन शिका' असा उपदेश त्यांनी केला नाही. शाळेचीच वेळ बदलली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 च्या नियमांत पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना दोन वर्षं जादा मुदत आणि 240 दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा दिली. म्हणजे नियम बदलता येतात. फक्त ते मानधनावर काम करणाऱ्या कार्यकर्तीपर्यंत अजून पोचलेले नाहीत.

सरकारकडे मागण्या करण्याआधी आपल्या संघटनांपासूनच सुरुवात करू या. परीक्षेची रजा पगारी असावी. क्षेत्रकार्याचे तास कामाचे तास धरावेत. शिकणाऱ्या कार्यकर्तीची गावं त्या काळात दुसरीने सांभाळावीत आणि हे नियमावलीत लिहून ठेवावं, म्हणजे दर वेळी कुणाच्या मेहेरबानीची वाट पाहायला नको. आणि घरी, परीक्षेच्या महिन्यात स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न फॉर्म भरतानाच मोकळेपणाने विचारावा.

आज इथे बसलेल्या अनेकींचं शिक्षण बारावीनंतर सुटलंय. त्यांतल्या एकीने उद्या फॉर्म आणला, तर तिला 'जमेल का गं तुला?' असं विचारू नका. 'आम्ही तुझं कोणतं काम उचलू?' असं विचारा.