जगाचे आरोग्य आणि वऱ्हाडचे शिवार



जागतिक आरोग्यधोरणाचे पदव्युत्तर शिक्षण हा आजचा विषय आहे. जिनिव्हाचा विषय अमरावतीच्या व्याख्यानमालेत कशाला, असे कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. परंतु वऱ्हाड जगापासून दूर कधीच नव्हता. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध झाले, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीतील बोंडांना भलताच भाव आला. कोठल्या तरी परमुलखातल्या लढाईने वऱ्हाडी शेतकऱ्याची दिवाळी ठरली. ज्या वाटेने भाव येतो त्याच वाटेने रोगही येतो. 1918 च्या इन्फ्लुएन्झाने मध्यप्रांत-वऱ्हाडात जो कहर केला, तसा हिंदुस्थानातील थोड्याच प्रांतांत झाला. आणि 2021 चा फेब्रुवारी तर आपल्या सर्वांच्या आठवणीतला आहे. राज्यात करोना ओसरला असे वाटत असताना अमरावती आणि अकोल्यात रुग्ण एकाएकी वाढले व बाजारपेठा पुन्हा बंद झाल्या. देशातील दुसऱ्या लाटेची पहिली चाहूल ज्या गावांना लागली, त्यांत आपली गावे होती.

तेव्हा ह्या शिक्षणात शिकवितात तरी काय? वैद्य एका रोग्याची नाडी पाहतो. येथे साऱ्या तालुक्याची नाडी पाहावयास शिकवितात. किती जन्मले, किती गेले, कोणत्या वयात आणि कशाने गेले, हे मोजण्याचे शास्त्र त्याच्या मुळाशी आहे. त्यावर औषधांच्या किमती व पेटंटचे कायदे, सरकारी अंदाजपत्रक, पाणी, अन्न, जातपात, बायकांची स्थिती, हे सारे विषय येतात. त्यामुळे ह्या अभ्यासाला डॉक्टरच हवा असे नाही. अर्थशास्त्राचा, समाजशास्त्राचा, परिचर्येचा पदवीधरही अनेक ठिकाणी प्रवेश घेऊ शकतो. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात हा अभ्यासक्रम 1997 पासून चालतो. सेवाग्रामला तर डॉ. सुशीला नायर यांच्या नावाची सार्वजनिक आरोग्याची शाळाच आहे. आणि सुशीलाबाईंनी स्वतः ह्या विषयाचे उच्च शिक्षण अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात घेतले होते.

त्याच विद्यापीठाच्या बाल्टिमोर येथील शाळेत महाराष्ट्रातील दोन दांपत्ये शिकली. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे तेथून परतले आणि 1970 साली जामखेडच्या दुष्काळी मुलखात बसले. त्यांनी निरक्षर, बहुधा खालच्या मानलेल्या जातींतील बायकांना गावचे आरोग्य सांभाळावयास शिकविले. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 साली काढलेल्या ग्रंथात जामखेडची हकीकत आली. आणि 1978 साली आल्मा-आटा येथे राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्याचा जो जाहीरनामा काढला, त्यामागे जगभरच्या अशा प्रयोगांचे बळ होते.

दुसरे दांपत्य आपल्या विदर्भाचे, डॉ. अभय व डॉ. राणी बंग. 1984 साली ते परतले व पुढे गडचिरोलीस गेले. अर्भके का मरतात हे त्यांनी घरोघर जाऊन मोजले. नंतर 39 गावांतील स्त्रियांना नवजात बाळाची घरीच शुश्रूषा करावयास, जंतुदोष ओळखावयास आणि गरज पडल्यास सुई टोचावयासही शिकविले. हजार जन्मांमागे 62 नवजात बालके दगावत, ती संख्या काही वर्षांत 25 च्या आसपास आली. हा निष्कर्ष 1999 साली लंडनच्या 'लॅन्सेट' पत्रात प्रसिद्ध झाला, आणि 2011 साली भारत सरकारने आशाताईंच्या हाती घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याचे काम दिले. बाल्टिमोरहून मोजण्याची विद्या आली खरी. पण काय मोजावयाचे आणि ते कोणाच्या हातून बरे करावयाचे, हे गडचिरोलीच्या बायांनी शिकविले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. मेळघाटातील कोरकू बालकांचे मृत्यू 1993 साली गाजले. मुले त्याआधीही मरत होती. मात्र त्यांची मोजदाद करणारा कोणी नव्हता. डॉ. रवींद्र कोल्हे बैरागडला एम.बी.बी.एस. होऊन गेले, तेथील गरज पाहून आपली विद्या अपुरी आहे असे त्यांना जाणवले, आणि त्यांनी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकात एम.डी. केले. पुढे त्यांनी व डॉ. स्मिता कोल्हे यांनी तेथेच संसार थाटला. दुखण्याच्या मुळाशी उपासमार आहे हे दिसल्यावर हा डॉक्टर शेतीकडे वळला. 2019 साली उभयतांना पद्मश्री मिळाली. आमच्या मते आरोग्यधोरणाचा ह्याहून चांगला पदव्युत्तर पाठ नाही. औषधाच्या बाटलीपासून निघालेला विद्यार्थी ज्वारीच्या कणसापर्यंत पोहोचला.

ह्या शिक्षणात एक धोकाही आहे, तो झाकून ठेवणे योग्य नव्हे. त्याचे शुल्क मोठे, परदेशी तर फारच मोठे. कर्ज काढून गेलेला मुलगा मोठ्या पगाराच्या नोकरीत अडकतो आणि मेळघाट त्याच्या अहवालातील एक तक्ता होऊन बसतो. त्याला दोष देऊन भागणार नाही. परत येणाऱ्याला बसावयास जागा आणि चालवावयास काम आपण ठेवले आहे काय, हा प्रश्न आपल्याला आहे.

काम तर ढीगभर पडले आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याचा खारपाणपट्टा आहे. तेथील गावकरी पिढ्यान्‌पिढ्या खारे पाणी पीत आले. त्या पाण्याचा व मूत्रपिंडाच्या विकारांचा संबंध कितपत, हे गावोगाव मोजले पाहिजे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले. कीटकनाशकांची विषारीपणावरून वर्गवारी जागतिक आरोग्य संघटना करते. ती वर्गवारी डब्यावरील रंगीत खुणेपुरती राहते की उघड्या अंगाने फवारणाऱ्या मजुरापर्यंत पोहोचते, हे पाहणारा मनुष्य आपल्याच घरचा हवा.

शेंडगावच्या डेबूजीने, म्हणजे गाडगेबाबांनी, कोठल्या विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते. पण रोग घाणीतून येतो व घाण गावाने काढावयाची असते, हे त्यांनी खराटा हाती घेऊन शिकविले. खराट्याने जेथवर जाता आले तेथवर ते गेले. पाण्यातले क्षार आणि फवाऱ्यातले विष खराट्याने निघत नाही. त्याला ही नवी विद्या लागेल. म्हणून आमची विनंती एवढीच, की आपल्या मुलामुलींपैकी एखादा ह्या वाटेने जाऊ म्हणाला, तर 'ह्यात दवाखाना कोठे निघतो?' असे विचारून त्याला मागे ओढू नका. जाऊ द्या, आणि जाताना खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे पाणी एकवार त्याला चाखवा.