तक्रार काउंटरवरच करा



आठवडाभर विरार लोकलच्या गर्दीत उभं राहून प्रवास केलेल्या माणसाला शनिवारी संध्याकाळी घरचं नको असतं. पूर्वी वसई-विरारमध्ये त्याचं उत्तर ठरलेलं होतं. स्टेशनबाहेरची शेवपुरी, नाहीतर उडप्याकडचा डोसा. आता पिझ्झा आला, बर्गर आला, दर चौकात मोमो आले आणि त्यांच्या पाठोपाठ टाकोही आला.

ज्यांनी अजून खाल्लेला नाही त्यांच्यासाठी सांगते. मक्याची पोळी, तिच्यात मसालेदार सारण, वर चिरलेला पाला, टोमॅटो, चीज आणि सॉस. मेक्सिकोत हे रस्त्यावर, उभ्याने, मऊ पोळीत गुंडाळून खातात. अमेरिकेत त्याची आधीच तळून वाकवलेली कडक पुरी लोकप्रिय झाली, कारण ती आधी करून ठेवता येते आणि गिऱ्हाईक आलं की फक्त भरायची. ग्लेन बेल यांनी १९६२ साली कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथे ‘टाको बेल’ सुरू केलं ते याच जोरावर. भारतात या कंपनीचं पहिलं दुकान २०१० साली बेंगळुरूला निघालं. २०१९ मध्ये बर्मन हॉस्पिटॅलिटी या कंपनीशी करार झाला, तेव्हा दहा वर्षांत सहाशे दुकानांचा संकल्प जाहीर झाला होता. मोठी साखळी आली की तिच्याकडे बघून लहान दुकानंही तोच पदार्थ करू लागतात. आपल्याकडे टाको मिळतो तो बराचसा असा.

वसईकरांना त्याचं फार अप्रूप वाटायचं खरं तर कारण नाही. मका आणि मिरची ही मूळची अमेरिका खंडातली. ती आपल्या किनाऱ्यावर आली पोर्तुगीजांच्या काळात आणि वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होती. म्हणजे टाकोतला मुख्य माल आपल्याकडे येऊन कितीतरी पिढ्या लोटल्या.

पण आज मला बोलायचंय ते गिऱ्हाइकांबद्दल. टाको खाऊन आलेल्यांना ‘कसा होता?’ विचारलं की बहुतेक एकच ऐकू येतं: ‘मऊ पडला होता.’ मग बाकीचं. पुरी पहिल्याच घासाला दुभंगली आणि सगळं सारण कागदावर. चित्रात काठोकाठ भरलेला, हातात आला तो पोट खपाटीला गेलेला. पनीरचा सांगितला, बटाट्याचा आला. सॉसची पुडी टाकलीच नाही.

मऊ पडतो, याचा दोष मात्र दरवेळी दुकानाला देता येणार नाही. तळलेली कोरडी पुरी आणि ओलं, गरम सारण यांचं सख्य मुळातच थोडा वेळ टिकणारं. सारण भरलं की पुरी ओल शोषू लागते. वर तो झाकणाच्या खोक्यात बंद केला की वाफ बाहेर जायला वाट नाही, ती पुन्हा पुरीवरच बसते. त्यातून तो डिलिव्हरीच्या मुलाच्या पाठीवरच्या पिशवीत बसून रेल्वेच्या पुलावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे यायचा! आपण शेवपुरी कधी तयार करून घरी नेतो का? भय्याला सांगतो, पुऱ्या वेगळ्या, चटण्या वेगळ्या, शेव पुडीत. न सांगता तोही तसंच बांधतो. हे शहाणपण आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. मोबाइलवर बोट टेकवताना मात्र ते कुठे जातं कोण जाणे. टाको घरी मागवायचाच असेल तर सूचनेच्या रकान्यात ‘सारण आणि पुरी वेगळी द्या’ असं लिहून बघा. काही दुकानं ऐकतात. ऐकत नसतील तर मऊ पोळीचा प्रकार मागवा, तो प्रवास सोसतो.

आता सेवेचं. आमच्या भागातल्याच एका दुकानात मी नणंदेबरोबर गेले होते. दुकानाचं नाव सांगत नाही. मघाच्या अमेरिकी साखळीतलं ते नव्हतं, एवढं सांगते. दारातच बोटाने ऑर्डर द्यायचा मोठा पडदा. आपणच पदार्थ निवडायचा, आपणच पैसे भरायचे, टोकनचा नंबर पुकारला की आपणच ट्रे आणायचा आणि खाऊन झाल्यावर आपणच तो रिकामा करून ठेवायचा. वेटरची सगळी कामं आपल्याकडे आली, भाव मात्र उतरले नाहीत, हे माझं जुनं दुखणं आहे. असो. तर माझ्या नणंदेचा श्रावण चालू होता. काचेपलीकडे एक मुलगा चिकनचा टाको भरत होता आणि त्याच हातमोज्यांनी त्याने आमची पुरी उचलली. नणंदबाईंनी तिथूनच हाक मारली, ‘अरे दादा, हातमोजे बदल आधी, आणि ही पुरी पण बदल.’ मुलगा क्षणभर गोंधळला. मग ‘सॉरी मावशी’ म्हणून त्याने मोजे काढून टाकले, नवे घातले, पुरीही नवी घेतली. एक मिनिटही लागलं नाही.

शेजारच्या टेबलावर एक तरुण बसला होता. त्याचा टाको खालून फुटला होता. त्याने आधी त्याचा फोटो काढला, मग आमच्यादेखत मोबाइलवर दुकानाला एक तारा देऊन टाकला आणि उरलेलं तसंच ठेवून निघून गेला. काउंटर त्याच्यापासून दहा पावलांवर होता. तिथे जाऊन ‘हा बदलून द्या’ म्हटलं असतं तर बहुधा दिलाही असता. अशा दुकानांत त्या पाळीच्या मॅनेजरला एवढा अधिकार सहसा असतोच.

हा तरुण शेवपुरीवाल्याकडे गप्प बसला असता का? तिथे आपण ‘भय्या, तिखा कम’, ‘और एक सूखी पुरी’ हे हक्काने म्हणतो. इथे एसी असतो, चकचकीत फरशी असते, समोरचा गणवेशात असतो, पहिलं वाक्य इंग्रजीत नाहीतर हिंदीत येतं. आपण दबतो. किंवा मग दुसऱ्या टोकाला जाऊन त्या पोरांवर खेकसतो. तेही बरं नाही. ही मुलं आपल्या नालासोपाऱ्याची, विरारचीच असतात, कॉलेज सांभाळून तासन्‌तास उभी राहतात. त्यांच्या डोक्यावरच्या पडद्यावर प्रत्येक ऑर्डरचे सेकंद पळत असतात. मराठीत, शांतपणे, नेमकं काय चुकलं ते सांगितलं तर ती समजून घेतात, असाच माझा अनुभव आहे.

आणि गिऱ्हाइकाचं कंपन्या ऐकत नाहीत हा समज खोटा आहे. मॅकडोनाल्ड्स १९९६ साली भारतात आलं ते गाई-डुकराचं मांस बाजूला ठेवून. शाकाहारी पदार्थांचा ओटा त्यांना वेगळा करावा लागला आणि बटाट्याची टिक्की पावात घालावी लागली. टाकोवाल्यांनाही इथे बीफ सोडून बटाटा आणि पनीर धरावं लागलं. इथल्या गिऱ्हाइकाला काय चालत नाही, हे त्यांना ओळखावं लागलं म्हणून हे झालं.

काउंटरवर दाद लागली नाही, तर पुढचा रस्ताही मोकळा आहे. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थांच्या बिलावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा आकडी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. तो आहे का, आधी बघा. सेवा शुल्क सक्तीने लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. जिथे ट्रे आपणच उचलतो, तिथे तर सेवा कसली आणि शुल्क कसलं! राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक मोठी सोय केली. कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो, आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच सांगत आली आहे की गिऱ्हाइकाने संघटित व्हावं आणि बोलावं. फुटलेल्या टाकोसाठी कोणी आयोगाकडे जाईल असं मी म्हणत नाही. पण शिळं सारण खाऊन घरातलं कोणी आजारी पडलं, तर हे माहीत असलेलं बरं.

तेव्हा मंडळी, येत्या शनिवारी टाको खायला गेलात आणि काही बिनसलं, तर उठून काउंटरपर्यंत जा आणि तिथेच सांगा. बिल मात्र जपा. त्या कागदावरची छपाई हळूहळू पुसट होत जाते, म्हणून आधी बिलाचा फोटो काढा, टाकोचा नंतर.