जुन्या वाहनातील इंधनदाब : निदान आणि नोंद

(खात्यातील वाहनचालक व क्षेत्रीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी यंत्रशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. शिक्षण कला शाखेत झाले आणि नोकरी प्रसिद्धीच्या कामात गेली. असा मनुष्य वाहनाच्या इंधनव्यवस्थेवर बोलावयास उभा राहतो याची आपल्यापैकी काहींना मौज वाटत असेल, आणि ती वाटणे योग्यच आहे. या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे. चूक माझी होती, म्हणून ती आधी सांगतो.

गोष्ट २०१५ च्या पावसाळ्यातील. आमच्या कार्यालयाकडे तेव्हा २००३ सालची, पेट्रोलवर चालणारी एक व्हॅन होती. ध्वनिक्षेपक, पडदा, प्रक्षेपक आणि पत्रकांचे गठ्ठे घेऊन ती सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत फिरत असे. त्या वर्षी जूनपासून ती सकाळी अडू लागली. सेल्फ मारला की इंजिन फिरे, पण पकडत नसे. पंधरा-वीस मिनिटे झटापट केल्यावर काळा धूर सोडीत ती सुरू होई आणि मग वाटेत विशेष कुरकुर न करता चाले. एके दिवशी वाळपईच्या बाजूच्या एका गावी शाळेच्या खोलीत सकाळचा कार्यक्रम ठेवला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा माणसे वाट पाहून शेतावर लावणीला निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी मी चालकाला मेमो दिला. वाहन वेळेवर सज्ज न ठेवल्याबद्दल खुलासा करावा, असा त्याचा मजकूर होता; भाषा माझीच असल्याने ती अंमळ धारदारही होती.

त्याच सुमारास लेखा शाखेकडून विचारणा आली की, लिटरमागे तेरा किलोमीटर चालणारे वाहन दहावर कसे आले? अशा विचारणेतील न लिहिलेला आरोप आपण सर्वजण जाणता. चालकाने पेट्रोल विकले असे कोणी म्हटले नाही. पण तसे नसावे, असेही कोणी म्हटले नाही. मीही म्हटले नाही.

मध्यंतरी वाहन एका गॅरेजमध्ये गेले. तेथे प्रथम बॅटरी बदलली, मग प्लग बदलले, आणि शेवटी ‘पेट्रोल वर चढत नाही’ असे सांगून टाकीतील पंप बदलला. तीन बिले झाली. सकाळचा हट्ट तसाच राहिला.

आता थोडे यंत्राविषयी. अँबॅसिडर आणि फियाट यांच्या काळात इंजिनाला चिकटून पडद्याचा पंप असे. इंजिन फिरले की तो हले, आणि कार्बोरेटरला जेमतेम पाव किलो दाबाने पेट्रोल पोहोचवी. उन्हाळ्यात घाट चढताना गाडी थांबली की त्या पंपावर ओले फडके टाकीत, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले, आणि २००० सालानंतर कार्बोरेटर मागे पडून इंजेक्टरची पद्धत रूढ झाली. या पद्धतीत विजेवर चालणारा पंप टाकीतच बुडालेला असतो. चावी फिरवताच तो साधारण दोन सेकंद गुणगुणतो, नळीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच ते तीन किलो दाब निर्माण करतो, आणि इंजिन फिरू लागेपर्यंत थांबतो. वाहन बंद केल्यावरही हा दाब काही काळ टिकून राहावा अशी योजना असते. तो टिकावा म्हणून तीन दारे बंद राहावी लागतात : पंपाच्या तोंडाशी असलेली एकमार्गी झडप, जादा पेट्रोल टाकीकडे परत पाठविणारा रेग्युलेटर, आणि स्वतः इंजेक्टर. यांतील एखादे दार झिजले की रात्रभरात दाब उतरतो. अडचण ही, की चालू इंजिनावर पंप सतत दाब पुरवीत असल्याने हा दोष सहसा लपून राहतो. धावते वाहन तपासून ‘सर्व ठीक’ असा शेरा मिळतो तो यामुळेच.

म्हणून पहिला प्रश्न ‘काय बिघडले?’ हा नव्हे, ‘केव्हा बिघडते?’ हा होय. सेल्फच मंद फिरत असेल तर बॅटरी, तिची टोके आणि सेल्फची मोटार पाहावी. पेट्रोलकडे जाऊ नये. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, असे असेल तर चावी दोन-तीनदा चालू-बंद करावी, दर वेळी पंपाचे गुणगुणणे ऐकावे, आणि मग सेल्फ मारावा. एवढ्याने वाहन चटकन सुरू झाले, तर पंप दाब देतो आहे, तो फक्त टिकत नाही, असे समजावे. गुणगुणणे मुळीच ऐकू आले नाही तर फ्यूज, रिले आणि पंपापर्यंतच्या तारा पाहाव्यात. आपल्या किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तारांची जोडणी हिरवी पडते, आणि निरोगी पंपालाही पुरेशी वीज मिळत नाही. पंप बदलण्यापूर्वी त्याच्या तोंडाशी किती व्होल्ट पोहोचतात हे मोजावे, असा माझा आग्रह आहे. मीटर स्वस्त आहे, पंप नाही.

उलट, चावी फिरवून काही लाभ होत नाही, पेट्रोलचा वास मात्र वाढतो आणि सुरू होताना काळा धूर निघतो, तेव्हा उणीव पेट्रोलची नसून अतिरेक पेट्रोलचा आहे. हा भेद आमच्या लक्षात आला नव्हता.

तो लक्षात आणून दिला डिचोलीतील एका वृद्ध मेस्त्रींनी. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी चालकाला विचारले, ‘‘सकाळी वास येतो काय?’’ चालक म्हणाला, ‘‘येतो. आणि पेडल पार तळापर्यंत दाबून धरले तरच घेते.’’ मेस्त्रींनी मान हलवली. अनेक इंजेक्टर-वाहनांत सेल्फ मारताना पेडल पूर्ण दाबले की इंजेक्टर बंद राहतात आणि साचलेले पेट्रोल हवेबरोबर बाहेर निघून जाते. त्यांनी रेग्युलेटरवरून इंजिनाच्या हवेच्या मार्गाकडे जाणारी बारीक रबरी नळी ओढून काढली आणि तळहातावर उपडी धरली. दोन-तीन थेंब पडले. त्या नळीत हवेवाचून काहीही असता कामा नये. रेग्युलेटरचा आतील पडदा फाटला होता. वाहन उभे असताना नळीतील दाब त्या फटीतून उतरत होता, पेट्रोल हवेच्या मार्गात झिरपत होते, आणि वाहन चालू असताना इंजिन तेच पेट्रोल अधिकचे म्हणून ओढून घेत होते. सकाळचा हट्ट, काळा धूर आणि लेखा शाखेचे तीन किलोमीटर, या सर्वांचा उगम मुठीत मावेल एवढ्या त्या भागात होता.

कार्यालयात परतल्यावर मी लॉगबुक काढले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून शेऱ्याच्या रकान्यात चालकाच्या अक्षरात चार वेळा लिहिले होते : ‘सकाळी पेट्रोलचा वास येतो.’ प्रत्येक नोंदीखाली माझी आद्याक्षरे होती. मेमो मी लेखी मागे घेतला, आणि लेखा शाखेला मेस्त्रींच्या शेऱ्यासह उत्तर पाठवले. ते चालक आज या सभेत बसले आहेत. त्यांच्या परवानगीनेच मी हे सांगत आहे.

ज्या ठिकाणी लक्षणांवरून उलगडा होत नाही तेथे दाबमापक लावावा. मेस्त्री त्याला गेज म्हणतात. चावी फिरवून दाब भरावा, वाहन बंद करावे आणि काट्याकडे पाहत राहावे. काटा तासांनी हळूहळू उतरला तर हरकत नाही. काही मिनिटांत शून्यावर आला तर दार उघडे आहे. मग पुन्हा दाब भरून टाकीकडून येणारी रबरी नळी गुळगुळीत चिमट्याने दाबून धरावी. आता काटा स्थिर राहिला तर गळती टाकीच्या बाजूला, म्हणजे बहुधा पंपाच्या झडपेत किंवा टाकीतील आखूड नळीत आहे. तसे न झाल्यास ती नळी मोकळी करून परतीची नळी दाबावी. त्याने काटा थांबला तर रेग्युलेटर दोषी. दोन्हींनी थांबला नाही तर इंजेक्टर ठिबकतो आहे काय हे पाहावे. प्लॅस्टिकची कडक नळी कदापि दाबू नये, ती चिरते. ज्या वाहनांना परतीची नळीच नसते त्यांचा रेग्युलेटर टाकीत असतो, म्हणून तेथे पहिली चाचणी तेवढी उपयोगी. संगणकयंत्र लावून हे कळेल, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु या वयाच्या बहुतेक वाहनांत इंधनदाब मोजणारा संवेदकच नसतो, तेव्हा यंत्र बिचारे काय सांगणार? डिझेल वाहनाची कहाणी निराळी. तेथे पुष्कळदा नळीत शिरलेली हवा हा शत्रू असतो.

एक सूचना मात्र मी आज्ञेच्या स्वरात करतो. दाब असलेली नळी तशीच उघडू नये. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, बॅटरीचे ऋण टोक सोडावे, काम उघड्यावर करावे, अग्निशामक हाताशी ठेवावा. बाटलीतून हवेच्या मार्गात पेट्रोल ओतून इंजिन पेटविण्याची जुनी युक्ती कोणी करीत असेल तर ती आजपासून बंद. टाकीही अगदी तळाला नेऊ नये. बुडालेला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले आहे. त्यासाठी न घडविलेल्या जुन्या वाहनांतील रबरी नळ्या आणि वॉशर अधिक वेळा पाहावेत. शासकीय वाहनांना पंधरा वर्षांची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आहे. आमची ती व्हॅन आता नाही, पण दहा-बारा वर्षांची वाहने आपल्याकडे अजून आहेत.

लॉगबुकात यापुढे ‘सुरू होत नाही’ एवढेच लिहू नये. किती वेळ उभे होते, थंड होते की तापलेले, वास आला काय, धूर कोणत्या रंगाचा होता, किती प्रयत्नांनी सुरू झाले, हे लिहावे. आणि अधिकाऱ्यांनी रकाना वाचून मगच सही करावी. हे मी प्रथम स्वतःला सांगतो.

खाली अंगणात एक वाहन उभे आहे. काल सायंकाळपासून ते कोणी सुरू केलेले नाही. गेज आणि चिमटे मी सोबत आणले आहेत, आणि मेस्त्रीही आले आहेत. चला, खाली जाऊ.