कंपवात आणि इंद्रियांची वर्दी



कंपवात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे थरथरणारा हात येतो. १८१७ साली लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी या रोगाचे वर्णन केले, आणि पुढे तो हालचालीचा रोग म्हणूनच ओळखला गेला. पण हालचाल ही केवळ हातापायांची गोष्ट नव्हे. पाऊल किती लांब पडले, आवाज किती मोठा निघाला, याची वर्दी इंद्रिये मेंदूला क्षणोक्षणी देत असतात. त्या वर्दीवरून मेंदू पुढचा हुकूम सोडतो. वर्दीच चुकीची ठरली तर हुकूम बरोबर कसा सुटावा?

कंपवातात मेंदूच्या तळाकडील काही पेशी झिजतात आणि डोपामाइन हे द्रव्य कमी पडते. त्यामुळे हुकूम मंदावतो, हे खरेच. परंतु आलेली वर्दी तोलण्याचे मापही बिघडते.

आमच्या सक्करदऱ्याच्या घरी आम्ही हे पाहिले आहे. वडिलांचा आवाज बारीक झाला. "बाबा, जरा मोठ्यानं बोला," म्हटले की ते चिडत, "अरे, ओरडूनच तर बोलून राहिलो मी!" आम्हांला तो हट्ट वाटे. वस्तुतः त्यांच्या मापाने तो आवाज मोठाच होता. बुधवारच्या बाजाराला निघाले की दाराशी त्यांचे पाय खिळत. आम्ही हात धरून ओढीत असू. एकदा त्या ओढाताणीत ते पडले. आणि तेच बाबा गच्चीचा जिना सहज चढत! 'हे सोंग तर नव्हे?' अशी घरात कुजबूज झाली. त्या कुजबुजीची आज आम्हांला लाज वाटते.

यात सोंग नव्हते. जिन्याची प्रत्येक पायरी डोळ्यांना सांगते, 'पाऊल येथे टाक.' सपाट जमीन काहीच सांगत नाही. तेथे पाऊल आतूनच उचलावे लागते, आणि नेमकी तीच वाट रोगाने अडवलेली असते. डोळ्यांनी मिळालेली खूण मेंदूच्या दुसऱ्या वाटेने पायापर्यंत पोचते. जमिनीवरील आडव्या रेघांनी असे रुग्ण चालू लागतात, हे ब्रिटिश वैद्य पर्डन मार्टिन यांनी १९६७ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदविले. आपल्या पुण्याच्या मिलेहा सोनेजी यांनीही काकांना जिना चढताना पाहिले आणि जमिनीवर जिन्याचा आभास देणारे चित्र पसरले. त्यावरून काका चालू लागले!

आम्ही दारापाशी एकेका पावलाच्या अंतरावर चुन्याच्या रेघा ओढल्या. बाबा थबकले, रेघ पाहिली आणि पाय उचलला. कोणास डोळ्यांची खूण उपयोगी पडते, कोणास कानांची. 'एक-दोन, एक-दोन' अशा ठेक्यावरही पाऊल सुटते. मात्र हा रोगावरचा इलाज नव्हे. रेघ संपली की पाय पुन्हा अडू शकतो, आणि प्रत्येकाला गुण येतोच असे नाही. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू ठेवावे.

श्रोतेहो, आपल्या घरी वा शेजारी असे कोणी दाराशी अडले, तर त्यांना ओढू नका, रागावू नका. क्षणभर थांबू द्या. त्यांच्यापुढे आपले पाऊल आडवे ठेवा आणि म्हणा, "यावरून या." त्यांच्या पायांत बळ आहे, उणीव आहे ती खुणेची, आणि ती खूण देणे आपल्या हाती आहे.